भिंतीकडची कॉट

लातूरला मी बारावीत होते, त्या पावसाळ्यात आमच्या अख्ख्या खोलीला खाज सुटली होती. आता सांगताना हसू येतं, तेव्हा रडायची पाळी आली होती. मानेवर, खांद्यावर, दंडावर मसुरीएवढ्या लाल पुटकुळ्या. क्लासमध्ये फिजिक्सचे सर फळ्याकडे वळले रे वळले की बारावीच्या आम्ही तिघी एकदम मान खाजवून घ्यायचो, आणि सर परत वळले की शहाण्यासारख्या बसायचो. मी मूळची तापट. नांदेडला घरी माझ्या तोंडाला कोणी लागत नसे. त्यात ही खाज. त्या दिवसांत मी जे वागले ते खाजेच्या नावावर खपवावं असं पुष्कळ वर्षं वाटायचं. पण खाज खोलीतल्या चौघींनाही होती आणि तसं वागले फक्त मी.

घर काकूंचं होतं. भूकंप होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती आणि लातुरात क्लासचा सुळसुळाट झाला होता. नांदेड, परभणी, बीड, कुठून कुठून पोरंपोरी ट्रंका घेऊन उतरायची, आणि गल्लीतल्या प्रत्येक घरात एक तरी खोली त्यांना दिलेली असायची. काकू औसा तालुक्यातल्या. भूकंपात त्यांची सासू आणि धाकटी जाऊ घराच्या भिंतीखाली गेल्या. काका लातूरला कारकून होते, म्हणून उरलेलं बिऱ्हाड इकडं आलं. पुढच्या मोठ्या खोलीत काकूंनी आम्हा चौघी पोरींना ठेवून घेतलं होतं. जेवण त्यांच्याच हातचं. त्यांचा आवाज असा की स्वयंपाकघरातून 'जेवायला या' म्हणाल्या की तीन घरं पलीकडची पोरंसुद्धा पुस्तक मिटायची.

काकूंचा एक कायदा होता. कॉट भिंतीला लावायची नाही. आमच्या चारही कॉट खोलीच्या मधोमध, एकमेकींना चिकटून, आणि भोवतीनं भिंतीलगत माणूस जाईल एवढी वाट. भिंतीवर घड्याळ नाही, फळी नाही. देव होते ते खाली चौरंगावर. नवीन माणसाला हा प्रकार विचित्र वाटायचा. आम्हाला कारण माहीत होतं, म्हणून आम्ही कधी हसलो नाही. त्या वर्षांत लातुरात अशी घरं काही कमी नव्हती.

दुसरा कायदा त्या पावसाळ्यातला. आमच्या खोलीच्या पंख्याला वर छताशी जी वाटी असते, तिच्यात चिमणीनं घर केलं होतं. पिल्लांची चिवचिव ऐकू यायला लागली तशी काकूंनी पंख्याच्या बटणाला चिंधी बांधून टाकली. पिल्लं मोठी होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही म्हणाल्या. मी लई कुरकुर केली. आम्ही इथं मेडिकलला जायला आलोय का चिमण्या पाळायला, असं तोंडावर म्हणाले. काकू हसल्या आणि मला एक पुठ्ठा आणून दिला, वारा घ्यायला. तसाही लातूरच्या लाईटचा काही भरवसा नव्हता आणि हवा पावसाची होती, म्हणून निभलं. चिंधी मात्र तशीच राहिली. पिल्लांचा आवाज कधी बंद झाला ते आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आलं नाही.

जुलैत चौथी मुलगी आली, अकरावीची. किनवटकडची, इस्लापूरजवळच्या एका खेड्यातली. शाळा निवासी वसतिगृहात झालेली. तिच्या भावकीतली जिल्ह्याबाहेर शिकायला निघालेली ती पहिली पोरगी. 'मी वाचून राहिले', 'मी जेवून राहिले' असं बोलायची आणि आम्ही तिघी तिच्या मागं तसंच बोलून एकमेकींना कोपर मारायचो. तिला कळायचं. कळून ती पण हसायची. कॉट तिला कुठली दिली असेल? बरोबर पंख्याखालची. तिथं चादरीवर चिमणीची घाण पडायची, म्हणून आम्हाला कोणाला ती नको होती. तिनं वर्तमानपत्र अंथरलं, आणि जागा दिली म्हणून आमचे वर आभार मानले.

तिला येऊन आठ-दहा दिवस झाले आणि तिच्या अंगावर पुटकुळ्या उठल्या. मग दोन दिवसांनी माझ्या. मग बाकीच्या दोघींच्या.

काकूंना आधी वाटलं पित्त उठलं असेल. म्हणून आठवडाभर आमसुलाचं पाणी. वांगं बंद, शेंगदाणे बंद. मग शेजारीण म्हणाली ढेकूण असणार, तर एका रविवारी चारही कॉट अंगणात. काकूंनी कमरेला पदर खोचला आणि चुलीवरून उकळत्या पाण्याची पातेली आणून सांध्यासांध्यात ओतली. गाद्या दिवसभर उन्हात. एक ढेकूण निघाला नाही. साबण बदलून पाहिला. मागच्या घरच्यांची देवणी गाय आमच्या भिंतीला बांधलेली असायची, तिच्या गोचिडांवर संशय आला, तर काकूंनी स्वतः जाऊन गायीचे कान तपासले. गाय बिचारी स्वच्छ होती. मी हे सगळं तेव्हा वैतागून बघत होते. आज वाटतं, दुसऱ्याच्या पोरींच्या मानेसाठी एवढं कोण करतं?

शेवटी डॉक्टर. दवाखान्यात गर्दी मरणाची. त्यांनी चौघींच्या माना दुरूनच पाहिल्या आणि खरूज म्हणून मोकळे झाले. पांढरं औषध दिलं, मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, घरातल्या सगळ्यांनी. काकूंनी तिथंच सांगून पाहिलं की खरूज आधी बोटांच्या बेचक्यात येते, भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहताना ती अख्ख्या वस्तीला झाली होती आणि त्यांनी ती जवळून पाहिलीय, या पोरींचे हात तर साफ आहेत. पण त्यांच्या मागं वीस माणसं उभी होती. डॉक्टरांनी पुढच्याला बोलावलं. तीन दिवस आम्ही औषध लावून भुतासारखे घरात फिरलो, काकांसकट. अंगाची आग झाली. खाज जिथल्या तिथं.

पण 'खरूज' हा शब्द माझ्या डोक्यात बसला तो बसला. वसतिगृहात राहून आलेली कोण? आधी कोणाला झालं? मी दोघींना गोळा करून हिशेब मांडला आणि तिघींचा निकाल झाला, खरूज तिनंच आणली. तेवढ्यात गावाकडं भूकंपानंतर सरकारनं दिलेल्या नव्या घराचं काही कागदपत्राचं काम निघालं आणि काकू पाच दिवस गावी गेल्या.

त्या गेल्या त्याच दुपारी मी दोन गोष्टी केल्या.

पहिली, तिची कॉट ओढत नेऊन भिंतीला लावली. माझ्या हातानं. कॉटचे पाय फरशीवर करकरले तेव्हा ती दारात उभी होती. उशी उचलून तिनं आपणच तिकडं नेली. मधे जागा झाली म्हणून मी माझी कॉट सरकवून पंख्याखाली ऐसपैस करून घेतली.

दुसरी गोष्ट, फोन. तिच्या खेड्यात फोन एकच, किराणा दुकानात. तो नंबर तिनंच मला आल्याआल्या दिला होता, कधी मला बरं नसलं तर घरी कळवशील का ताई, म्हणून. मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून तो लावला आणि दुकानदाराला सांगितलं की तिच्या वडिलांना निरोप द्या, तुमच्या मुलीला खरूज झाली आहे, सगळ्यांना लागतेय, येऊन घेऊन जा. अगदी शुद्ध भाषेत सांगितलं. लाईन खराब होती. दुकानदार प्रत्येक शब्द मोठ्यानं परत विचारत होता. ठेवला फोन आणि मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

काकू पाचव्या दिवशी सकाळी परतल्या. खोलीत पाऊल टाकलं आणि भिंतीला लागलेली कॉट बघून थबकल्या. मग कडाडल्या. आमच्यावर त्या तशा कधीच ओरडल्या नव्हत्या. कोणी लावली म्हणून विचारलंसुद्धा नाही, सरळ कॉटच्या लोखंडाला हात घातला ओढायला. पोरगी तिच्यावरच बसली होती, ती उतरायला लागली. आणि तिची मान बघून काकूंचा हात थांबला. मान साफ होती. खपल्या वाळलेल्या, नवीन एकही पुटकुळी नाही. काकूंनी तिचे दंड पाहिले, खांदा पाहिला. मग माझ्याकडे आल्या आणि माझी वेणी बाजूला केली. माझी मान रक्ताळलेली होती.

"इथं खाजत न्हाई काकू," ती पोरगी हळूच म्हणाली. "भिंतीकडं आल्यापासून न्हाई."

काकू खोलीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. तिथून भिंतीकडं पाहिलं. परत माझ्या कॉटकडं. मग मान वर करून पंख्याकडं बघत राहिल्या. त्या बाईला शाळा चौथीपर्यंतच मिळाली होती. आम्ही चौघी सायन्सच्या, निम्म्या लातूरचे क्लास लावलेल्या, आणि आमच्यातल्या एकीनंही एवढे दिवस मान वर करून पाहिलं नव्हतं.

काकूंनी काकांचं जुनं पांढरं धोतर फाडलं. एक तुकडा माझ्या कॉटवर अंथरला, एक भिंतीकडच्या. आम्हाला क्लासला पिटाळलं. दुपारी आलो तर त्या दाराशी उन्हात बसल्या होत्या. भिंतीकडचा तुकडा कोरा. माझ्या कॉटवरच्या तुकड्यावर ठिपके होते, राईच्या दाण्याहून कितीतरी बारीक. डोळे बारीक करून पाहिलं तर ते चालत होते. किनवटवालीनं प्रॅक्टिकलच्या पेटीतलं भिंग आणलं आणि वाकून मोजलं. आठ पाय हायत, म्हणाली. मी भिंग हिसकावलंच तिच्या हातातून. आठच होते. आठ पायांचे ते कीटक नव्हेत, कोळी-गोचिडांच्या वर्गातले, हे उत्तर मी नोट्समध्ये दोन रंगांत अधोरेखित केलं होतं आणि झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. चिमणीची पिल्लं उडाली, वर खायला काही उरलं नाही, तसे घरट्यातले हे किडे थेट खाली आमच्या गाद्यांवर. सगळ्यांत जास्त पंख्याखाली जी असेल तिच्यावर.

स्टूलवर काकू स्वतः चढल्या. काका मी काढतो म्हणाले, तर नको म्हणाल्या. काड्या, पिसं, सुतळीचे तुकडे, सगळं कागदावर उतरवून घेतलं आणि खाली आल्यावर थोडा वेळ त्या कागदाकडं बघत बसल्या. पिल्लं कवाच उडून गेली आणि मी रिकामं घर राखायले, असं स्वतःशीच म्हणाल्या. मग उठल्या. घरटं अंगणात जाळलं. वाटी रॉकेलनं पुसली, चादरी उकळत्या पाण्यात आणि गाद्या-उशा उन्हात घातल्या. सगळं झाल्यावर त्या पोरीला समोर बसवून तिच्या मानेला खोबरेल लावलं आणि माझं चुकलं बाई म्हणाल्या. चूक त्यांची काय होती? चिमणीवर माया केली ही. आणि ज्यांची होती त्या आम्ही तिघी बाजूला उभ्या राहून गाद्या थोपटत होतो.

फोनचं मी बोलले नाही. मनात म्हटलं, शेतीची कामं आहेत, बाप कशाला येतोय एवढ्या लांब.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात उभा. वाळलेला, उंच माणूस, चपला बाहेर सोडून उंबऱ्याशीच थांबलेला. बसा म्हटलं तरी बसेना. काकूंना म्हणाला, तुम्हाला लई तरास झाला, पोरीला घेऊन जातो. काकू चकित. कोणी सांगितलं तुम्हाला, म्हणाल्या. मग त्यानं सांगितलं. फोन आला तो बाजाराचा दिवस होता. दुकान भरलेलं. दुकानदार एकेक शब्द ओरडून परत बोलत होता आणि अख्खा बाजार ऐकत होता. आता बायका पोरीच्या आईजवळ पाणवठ्यावर उभ्या राहत नाहीत. पोरगी शिकायला धाडून काय मिळवलं, असं भावकीतले तोंडावर विचारतात. फोनवर एका पोरीचा आवाज होता असं दुकानदार म्हणत होता.

काकूंनी आमच्याकडं पाहिलं. मी खाली फरशीकडं पाहिलं. किनवटवालीनं माझ्याकडं एकदाच पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. तिला माहीत होतं. नंबर कोणाकडं होता हे तिला माहीत असणारच की.

"तो माझाच आवाज," काकू म्हणाल्या. "फोनात बारीक येतो."

तीन घरं पलीकडं जाणारा तो आवाज. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि भूकंपातून आलेल्या बाईच्या घरात असं मनात आलं म्हणून त्याचीही लाज वाटली.

काकूंनी त्याला धोतराचा तुकडा दाखवला, जपून ठेवला होता. त्यानं उजेडाकडं धरून पाहिला आणि हे तर खुराड्यातले किडे, आमच्या कोंबड्यांना होतात, असं तिथल्या तिथं म्हणाला. डॉक्टरांना जमलं नाही ते त्याला एका नजरेत जमलं. पटलं त्याला सगळं. तरी त्यानं ट्रंक उचलली. म्हणाला, मला पटून काय करू, गावाला कसं पटवू? उद्या हिची आई कुठं तोंड दाखवील? गावातलं बोलणं विरेपर्यंत दोन महिने गेले तर क्लास गेला, क्लास गेला तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की घरी बसलेल्या पोरीचं पुढं काय होतं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पोरगी रडत नव्हती. पुस्तकं पिशवीत भरत होती, एकावर एक, नीट.

काकूंनी पायात चपला घातल्या. म्हणाल्या, फोननं गेलेली गोष्ट फोननं परत आणू, चला.

कोपऱ्यावरच्या एसटीडीसमोर क्लास सुटलेल्या पोरांची रांग होती. काचेच्या खोक्यात काकू शिरल्या, मी दार धरून उभी. बाहेर बाप, खांद्यावर ट्रंक, बाजूला पोरगी. दुकानदाराचा आवाज रिसीव्हरमधून बाहेरपर्यंत येत होता. काकूंनी सांगितलं की मी घरमालकीण, त्या दिवशी मीच फोन केला, चुकीचं बोलले, पोरीला काही नव्हतं, किडे माझ्या घरात होते. दुकानदार पलीकडून म्हणाला, नाही बाई, ती तुम्ही नव्हे. ती पोरगी होती, लई शुद्ध बोलत होती. तुम्हाला पोरीच्या बापानं उभं केलंय. काकू म्हणाल्या, मीच होते. तो म्हणाला, नाही. मग काकूंनी घसा खाकरला आणि तेच सगळं पुन्हा सांगायला घेतलं, आवाज बारीक करून. पन्नाशीच्या त्या बाईनं, जी आयुष्यात कधी हळू बोलली नव्हती, ओठ आवळून पोरीसारखा आवाज काढला, माझ्यासारखा शुद्ध, 'आहे', 'नाही' करत. रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. काकू थांबल्या नाहीत.

मी त्यांच्या हातातून रिसीव्हर घेतला.

दुकानदाराला सांगितलं की त्या दिवशी बोलले ती मीच, आवाज ओळखा. ओळखला त्यानं. मग मी म्हटलं, तिला खरूज नव्हती. मी न बघता बोलले. तो म्हणाला, थांबा. पलीकडं त्यानं कोणाला तरी गप्प केलं, कोणाला तरी बोलावलं. मग म्हणाला, आता बोला, जोरात बोला, सगळे ऐकून राहिले.

मी जोरात बोलले. काचेच्या आत, काकूंच्या शेजारी, अंगातलं सगळं बळ एकवटून, पहिल्यापासून सगळं. कॉट कोणी ओढली तेही, नंबर कोणाकडून घेतला होता तेही. बाहेर रांगेत आमच्याच बॅचची पोरं होती, त्यांचं हसू थांबलं होतं. बोलून झाल्यावर दार उघडलं तर बाप तिथंच उभा होता. माझ्याकडं त्यानं पाहिलं नाही. ट्रंक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, पोरीला पुढं घातलं, आणि एसटी स्टँडचा रस्ता सोडून काकूंच्या गल्लीत वळला.